डेकसाठी लाकूड घेताना या चुका टाळा: नुसतं ‘सागवान’ म्हणून भागत नाही

पुण्यात कोथरूडच्या आमच्या गच्चीवर डेक, म्हणजे लाकडी फळ्यांची बैठक, करायचा ठरला तेव्हा दुकानात मी एकच शब्द बोललो होतो: सागवान. बिलावरही तेच लिहून आलं. तिसरा पावसाळा सरला आणि ऑक्टोबरात कुंडी सरकवताना एका फळीच्या टोकाशी पाय किंचित खचला. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहिला, तर अर्धा इंच सहज आत गेला. लाकूड भिजलेल्या पावासारखं झालं होतं. सुतारकाकांनी फळी उचकटून उलटी केली आणि कडेवर बोट ठेवलं. “कुजलंय ते बघा, सगळं या पांढऱ्या पट्ट्यातलं. मधलं तपकिरी अजून घट्ट आहे. सागवानच आहे हो, पण अर्धं कच्चं.”

ती फळी मी अजून ठेवली आहे. ओळखीत कुणी डेक करायला निघालं की आधी ती दाखवतो.

नावावर लाकूड घेणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खोडाचा बाहेरचा पांढरट भाग झाडाला पाणी पुरवतो, त्यात पिठूळ अन्नद्रव्य साठलेलं असतं, आणि बुरशी-वाळवीला तेच हवं असतं. झाड कुठलंही असो, हा भाग उघड्यावर टिकत नाही. टिकतो तो आतला गाभा, कारण सागाची ती प्रसिद्ध नैसर्गिक तेलं आणि द्रव्यं गाभ्यात असतात. लागवडीतला पंधरा-वीस वर्षांचा साग कापला तर पांढरा भाग जास्त निघतो आणि गाभाही जुन्या झाडाइतका मुरलेला नसतो.

भवानी पेठेत टिंबर मार्केटला जाल तेव्हा फळीचा चेहरा नंतर बघा, आधी तिची दोन्ही टोकं बघा. गाभा आणि पांढरा भाग यांची सीमा तिथे स्पष्ट दिसते. फळीला रंग किंवा पॉलिश लावलेलं असेल तर एका कडेवरून रंधा मारून मागा. चांगला गाभा सोनेरी तपकिरी दिसतो, हाताला तेलकट लागतो आणि त्याला चामड्यासारखा वास येतो. पांढरा भाग फिकट आणि कोरडा लागतो. दुकानदार रंधा मारायला नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

‘हार्डवुड आहे, टिकेल’ हे वाक्यही ऐकून सोडून द्या. आंबा हार्डवुडच आहे आणि उघड्यावर तो लवकर कुजतो. देवदार सॉफ्टवुड आहे, पण त्याचा गाभा टिकाऊ. हार्ड आणि सॉफ्ट हे झाडांचे वनस्पतिशास्त्रातले गट आहेत, त्यावरून टिकाऊपणा कळत नाही. त्यासाठी आयएस ४०१ हे भारतीय मानक आहे. लाकडाचे नमुने जमिनीत अर्धवट पुरून घेतलेल्या चाचण्यांवरून त्यात तीन वर्ग केले आहेत: सरासरी १२० महिने किंवा जास्त टिकणारी, ६० ते १२० महिने टिकणारी आणि ६० महिन्यांच्या आत जाणारी. साग पहिल्या वर्गात येतो, आंबा तिसऱ्या. आणि हे आकडे गाभ्याचे आहेत.

वाड्याचा दाखला देणं

“विश्रामबागवाड्याचं सागवान दोनशे वर्षं उभं आहे की!” पुण्यात हे हमखास ऐकू येतं. पण ते खांब छपराखाली आहेत, आणि उभे आहेत. उभ्या लाकडावरून पाणी निथळून जातं, डेकची फळी मात्र आडवी पडून पाऊस झेलते. जुन्या वाड्यांत खांब थेट जमिनीत रोवत नसत, दगडी तळखड्यावर उभे करत. लाकडाचं कापलेलं टोक बाकीच्या अंगापेक्षा कित्येक पटींनी जास्त पाणी पितं, हे त्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं. आपण मात्र फळ्या कापतो आणि टोकं तशीच सोडतो. आमची फळीही टोकापासूनच कुजायला लागली होती. प्रत्येक कापलेल्या टोकाला बसवण्याआधी तेल किंवा मेणाचं सीलर भरपूर पाजा.

ओलं लाकूड आणि चुकीची फट

पुण्याची हवा एप्रिल-मेच्या दुपारी कडकडीत कोरडी असते आणि जुलैत ओलीचिंब. त्याबरोबर लाकूड फुगतं आणि आकसतं. १४० मिलिमीटर रुंदीची सागाची फळी दोन ऋतूंत साधारण दोन मिलिमीटरपर्यंत हलू शकते. फळी घेताना मॉइश्चर मीटर (लाकडातली ओल मोजणारं यंत्र) लावून बघा; १२ ते १६ टक्के ओल चालेल. मे महिन्यात बसवत असाल तर दोन फळ्यांत सहा मिलिमीटर फट ठेवा. पावसाळ्यात बसवत असाल तर थोडी कमी चालते, कारण ती पुढे उघडणारच आहे. फट नसेल तर जुलैत फळ्या एकमेकींना ढकलतात आणि मधून उचलल्या जातात.

मरीन प्लाय आणि पाइन

मरीन प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेलं प्लायवूड. त्याचा गोंद पाण्याला दाद देत नाही हे खरं. पण उन्हापावसात वरचा थर तडकतो, कडांतून पाणी शिरतं आणि आतलं लाकूड कुजतंच. डेकच्या वरच्या थराला प्लाय वापरू नका. पाइन घ्यायचा तर प्रेशर ट्रीटमेंट केलेला, म्हणजे दाबाने आत प्रिझर्व्हेटिव्ह (कूज रोखणारं रसायन) भरलेलाच घ्या आणि कापलेल्या टोकांना ते पुन्हा लावा. हिरवट झाक असलेल्या ट्रीटेड पाइनचे तुकडे बंबात किंवा चुलीत अजिबात घालू नका. त्यात आर्सेनिक असू शकतं, आणि ते धुरात आणि राखेत येतं.

पाणी अडवणं

लाकूड कितीही चांगलं असो, त्यातली ओल २० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरणारच. म्हणून खालची चौकट गच्चीवर सपाट टेकवू नका. ढाळाच्या दिशेला आडव्या पट्ट्या टाकल्या तर पाणी त्यांच्यामागे तुंबतं. पट्ट्या ढाळाबरोबर न्या किंवा पेडेस्टलवर (छोट्या आधारपायांवर) उचला, आणि पावसाच्या जाळीवरचा भाग उचलता येईल असा ठेवा. चौकट पक्की करायला ब्रिकबॅट कोब्यात (गच्चीवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफ थरात) भोकं पाडणं तर साफ चूक. वॉटरप्रूफिंग फुटतं आणि खालच्या फ्लॅटच्या छताला ओल येते. हे भांडण वर्षानुवर्षं चालतं.

डेक झालाय आणि तक्रारी आहेत?

स्क्रूभोवती काळे डाग म्हणजे लोखंड आणि लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्याची प्रक्रिया. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, निदान ३०४ ग्रेडचे लावा. डाग ऑक्झॅलिक अॅसिडच्या सौम्य द्रावणाने निघतात. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

वार्निश पापुद्र्यांनी निघत असेल तर त्यावरच नवा हात मारू नका. घासून काढा आणि लाकडात मुरणारं डेक ऑइल लावा. वर थर धरणारं फिनिश आपल्या उन्हात फाटतं आणि फाटलेल्या जागी पाणी कोंडतं. कच्चं जवसाचं तेल नको, त्यावर बुरशी वाढते. लाकूड नुसतं रुपेरी झालं असेल तर काळजीचं कारण नाही, ते वरच्या थराचं उन्हाने फिकट होणं आहे.

शेवाळ धरलं तर कडक ब्रशने घासा. जोरदार प्रेशर वॉशरने लाकडाचे मऊ धागे उखडतात. मेच्या अखेरीस, पाऊस यायच्या आत, फटींतली पानं काढा आणि प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांना स्क्रू ड्रायव्हर टोचून बघा. जिथे तो मऊ शिरेल ती फळी त्याच आठवड्यात बदला.