सिंथ-पॉप बँडचा दुसरा अल्बम: गाणी आधी, पॅच नंतर

पहिल्या अल्बमची गाणी कित्येक वर्षं मुरलेली असतात. दुसऱ्यासाठी मिळतात जेमतेम काही महिने, आणि हाताशी असतात तेच गाजलेले पॅच, म्हणजे सिंथेसायझरवर (सिंथवर) घडवून ठेवलेले आवाज. घात इथेच होतो. ओळखीचा पॅच उघडला की बोटं आपसूक जुन्या चालीकडे वळतात.

म्हणून सगळी गाणी आधी एकाच साध्या आवाजावर बांधा. पियानो चालेल, नाहीतर फिल्टर न लावलेली सॉ-टूथ वेव्ह (सिंथचा करवती आकाराचा कच्चा आवाज). आर्पेजिएटर (धरलेल्या कॉर्डचे सूर आपोआप एकामागून एक वाजवणारी सोय) आणि ड्रम मशीन बंद. दहा गाणी हवी असतील तर वीस-पंचवीस कच्चे आराखडे तरी करा. एरवी कमी लिहिणाऱ्यालाही लिहू द्या: १९८१ च्या पहिल्या अल्बमनंतर डेपेश मोड या ब्रिटिश सिंथ-पॉप बँडचे मुख्य गीतकार व्हिन्स क्लार्क बाहेर पडले, तेव्हा १९८२ च्या दुसऱ्या अल्बमची सगळी गाणी बँडमधल्याच मार्टिन गोर यांनी लिहिली.

पट्टी गायकाच्या गळ्याप्रमाणे आत्ताच ठरवा. नंतर दोन पट्ट्या खाली उतरलात, तर ५५ हर्ट्झचा बेस ४९ वर येतो, किकशी (ड्रमच्या खालच्या ठोक्याशी) जमवलेलं गणित बिघडतं आणि पॅच पुन्हा घडवावा लागतो.

आता आवाज. पूर्ण अल्बमसाठी दोन बेस, दोन पॅड (मागे लांबत राहणारे सूर), एक लीड (मुख्य चाल वाजवणारा आवाज) आणि एक ड्रम किट एवढ्यावरच भागवा. जुन्या अल्बममधली एकच खूण ठेवा, स्नेअर किंवा गायनातली हार्मनी. बाकीचे प्रीसेट (साठवलेले पॅच) वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा.

बेस जाड करायला दोन ऑसिलेटर (सिंथमधले सूर निर्माण करणारे भाग) डीट्यून करायचा, म्हणजे एकमेकांपासून किंचित बेसूर ठेवायचा मोह सगळ्यांनाच होतो. त्यात १० सेंटचा (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) फरक ठेवला, तर ५५ हर्ट्झच्या सुरावर साधारण तीन सेकंदांत एक हेलकावा येतो. दोन्ही वेव्ह उलट्या फेजमध्ये आल्या, म्हणजे एक वर जाताना दुसरी खाली गेली, की बुडाचा सूर जवळजवळ नाहीसा होतो. ऐकताना वाटतं, मधलीच एखादी नोट कुणी गिळली. मग कंप्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारं साधन) कितीही दाबा, ती परत येत नाही. उपाय सोपा आहे: तळाला एकच साइन ऑसिलेटर मोनोमध्ये ठेवा आणि डीट्यून केलेली जोडी १२० हर्ट्झच्या खाली कापून टाका.

ॲनालॉग सिंथ अर्धा तास तापू द्या, मग ट्यून करा. मनासारखा आवाज लागला की मिडीबरोबर (कोणता सूर कधी वाजला याच्या नोंदीबरोबर) ऑडिओही तेव्हाच रेकॉर्ड करून ठेवा. ज्या सिंथमध्ये पॅच साठवायला मेमरी नाही, त्यात तोच आवाज दुसऱ्या दिवशी हुबेहूब मिळत नाही. नॉबचे फोटो काढले तरी थोडा फरक राहतोच.

व्हायनल काढणार असाल, तर १२ इंची तबकडीची प्रत्येक बाजू वीस-बावीस मिनिटांत बसवा. जास्त लांबवली तर आवाजाची पातळी उतरवावी लागते. आतल्या खोबणीत वरच्या फ्रीक्वेन्सी विरतात, त्यामुळे झगझगीत हाय-हॅटची गाणी बाजूच्या सुरुवातीला आणि संथ गाणं शेवटी घ्या.