तीळ म्हणून जाळू नका, आधी तुकडा तपासा

आईच्या नाकपुडीच्या कडेला मसुराएवढा काळा, चकचकीत उंचवटा आला होता. घरात सगळे त्याला तीळच म्हणायचे. तोंड पुसताना टॉवेलला रक्त लागायचं, खपली धरायची, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. शेजारच्या काकूंनी चामखिळीसारखा घोड्याचा केस बांधायला सांगितला. मग एका डॉक्टरांनी तो जाळून दिला, तुकडा तपासायला पाठवलाच नाही. वर्षभरात व्रणाच्या कडेने तो पुन्हा उगवला. तो बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा एक कॅन्सर निघाला. ते वर्ष मला अजून सलतं.

म्हणून सांगते, चेहऱ्यावरची जखम महिनाभरात भरली नाही किंवा भरून पुन्हा फुटली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आपल्या सावळ्या कातडीवर हा कॅन्सर बऱ्याचदा काळाच दिसतो, म्हणून तिळाशी गल्लत होते. खिडकीच्या उजेडात बघा. कडा मोत्यासारखी चमकते का? मध्ये खळगा किंवा खपली आहे का? बहुधा तो दुखत नाही, तिथेच माणूस फसतो.

डॉक्टर आधी डर्मोस्कोपने, म्हणजे त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने बघतात, मग बायोप्सी. जागा बधिर करून 3-4 मिलिमीटरचा गोल तुकडा काढतात, एखाददुसरा टाका पडतो. आईला भुलीची सुई तेवढी टोचली. ‘तुकडा काढला की पसरतो’ असं आम्हालाही चौघांनी सांगितलं होतं. तसं होत नाही. हा कॅन्सर दूरच्या अवयवांत अगदी क्वचित जातो, पण सोडून दिला तर जागच्या जागी नाक, पापणी, खालचं हाडसुद्धा पोखरतो.

मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. गाठ लहान आणि कडा स्पष्ट असेल तर भोवतालची साधारण 4 मिलिमीटर चांगली कातडीही काढतात. नाकावर, डोळ्याजवळ असेल किंवा परत उगवली असेल, तर मोह्स शस्त्रक्रियेबद्दल जरूर विचारा. एक थर काढायचा, लगेच सूक्ष्मदर्शकाखाली कडा बघायच्या, जिथे उरलं असेल तिथलाच पुढचा थर काढायचा. ही सोय सगळीकडे नाही. आईच्या वेळी ती टेबलावर असतानाच सर्जननी फ्रोझन सेक्शनने, म्हणजे काढलेला तुकडा गोठवून लगेच कडा तपासल्या आणि गालाच्या घडीतली कातडी वळवून नाक झाकलं. वरवरच्या पातळ प्रकाराला इमिक्विमॉड मलम चालतं, शस्त्रक्रिया झेपत नसेल तर रेडिएशन.

शेवटचा रिपोर्ट हातात आला की ‘मार्जिन’ची ओळ शोधा. सगळ्या कडा मोकळ्या आहेत ना, हे डॉक्टरांकडून समजून घ्या आणि फाइल जपून ठेवा.

आईची दर सहा महिन्यांची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असते. त्या दिवशी ती केस वर बांधून जाते, कानामागची जागा आणि मानही दाखवता यावी म्हणून.