लाँच पाण्यात उतरवण्याआधी: इंजिनात मागच्या पाइपातनं पाणी शिरू नये म्हणून

उजनी धरण भरलं की कडेला ओढून ठेवलेल्या लाँचा उतरवायची सगळ्यांना घाई होते. त्याआधी एवढं वाचा. विषय एकच आहे, इनबोर्ड म्हणजे लाँचच्या आत बसवलेल्या इंजिनात एक्झॉस्टच्या (धुराच्या) पाइपातनं उलटं पाणी शिरणं. तळाला भोक पडलं तर पायाखाली पाणी दिसतं, हे दिसतच नाही. पाणी गुपचूप सिलिंडरमधे जाऊन बसतं, आपण सेल्फ मारतो, पिस्टन वर येतो आणि हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. गेल्या हंगामात माझं इंजिन असंच गेलं, आणि ते फक्त एक कॉक, म्हणजे बाहेरचं पाणी इंजिनाकडं घेणारा तळाचा नळ, बंद करायचा राहिला म्हणून. त्यामुळं तो कॉक खाली पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

डिझेल, ऑइल, बॅटरी, बेल्ट हे तुम्ही बघताच. लाइफ जॅकेट माणशी एक, आणि ते अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही.

आधी आपला एक्झॉस्ट कुठल्या जातीचा आहे ते बघा. ट्रकचं किंवा पाण्याच्या पंपाचं इंजिन बसवून सायलेन्सर सरळ वर काढला असेल तर तुमचा प्रश्न फक्त पावसाचा. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरवर पालथा डबा घालतात तसा घाला, नाहीतर झाकण बसवा, आणि बुडाशी पाणी उतरायला बारीक भोक ठेवा. झालं. खाली लिहिलंय ते पाण्यानं गार होणाऱ्या एक्झॉस्टवाल्यांसाठी.

त्यात होतं असं की तळाच्या कॉकमधनं बाहेरचं पाणी येतं, गाळणीतनं पंपात जातं, पंपाचा रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) ते पुढं ढकलतो, इंजिन गार करून ते शेवटी एक्झॉस्टच्या एल्बोमधे (वाकड्या जोडात) सोडलं जातं आणि धुराबरोबर वॉटरलॉकच्या, म्हणजे पाणी परत इंजिनाकडं जाऊ नये म्हणून बसवलेल्या डब्यात येतं. तिथनं धुराच्या दाबानं वर चढून मागच्या पाइपानं बाहेर पडतं. धुराच्या दाबानं, हे ध्यानात ठेवा. इंजिन चालू नसेल तर ते पाणी बाहेर ढकलणारं कुणी नाही.

म्हणूनच कॉक. इंजिन एका सेल्फमधे उठलं नाही की कॉक बंद करा. आपण काय करतो, परत सेल्फ, परत सेल्फ, थोडं थांबून परत सेल्फ. प्रत्येक वेळी पंप फिरतो आणि डब्यात पाणी भरत राहतो, धूर नसल्यामुळं ते बाहेर जात नाही, डबा भरला की पाणी होस पाइपात मागं चढतं, एल्बोपर्यंत येतं आणि जो एक्झॉस्ट वॉल्व उघडा असेल त्यातनं आत. यात सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे डिझेल फिल्टर बदलल्यानंतर डिझेलच्या नळीतली एअर काढताना, कारण तेव्हा सेल्फ जास्तच मारावा लागतो आणि सगळ्यांचं लक्ष सिलिंडरमधे डिझेल फवारणाऱ्या नोझलच्या नटाकडं असतं, कॉककडं कुणाचंच नसतं. हंगामाच्या सुरवातीला फिल्टर तर सगळेच बदलतात! तेव्हा एअर काढायला बसण्याआधी कॉक बंद. आणि आधीच तीन-चार सेल्फ मारून झाले असतील तर डब्याच्या बुडाचा प्लग खोलून पाणी काढून टाका, मगच पुढचा सेल्फ.

इंजिन उठलं की मात्र कॉक लगेच उघडायचा. इंपेलर रबराचा असतो, कोरडा फिरला की मिनिटभरात पाती जळतात, आणि आपल्याकडं तो दुकानात टांगलेला नसतो, पुण्या-मुंबईहून मागवावा लागतो. त्यामुळं एक माणूस सेल्फवर आणि एक माणूस कॉकवर, असंच करा. कॉकवरच्या माणसानं हात काढायचा नाही, मोबाइल बघायचा नाही. आवाज बदलला की उघड. मग मागं जाऊन बघ पाणी फेकतंय का. अर्ध्या मिनिटात फेकलं नाही तर इंजिन बंद.

एकटे असाल तर किल्ली कॉकच्या दांड्याला टांगून ठेवायची सवय लावा. कॉक बंद केला की किल्ली त्यावरच. म्हणजे किल्ली घ्यायला गेलं की कॉक डोळ्यासमोर येतोच, बंद ठेवायचा की उघडायचा ते तिथंच ठरतं.

आता कडेला असताना बघायच्या गोष्टी. एल्बोमधे पाणी जिथं सोडलंय ती जागा पाण्याच्या पातळीपासून किती वर आहे ते मोजा. सहा इंचापेक्षा कमी असेल किंवा पातळीच्या खालीच असेल तर इंजिनाकडनं एल्बोत पाणी आणणाऱ्या नळीला वर उंच वळसा देऊन त्याच्या डोक्यावर हवेचा वॉल्व पाहिजेच, नाहीतर इंजिन बंद असतानाही पाणी आपोआप आत ओढलं जातं. बॅरलमधलं डिझेल नळीनं एकदा ओढलं की पुढं आपणहून येत राहतं ना, तसंच. तो वॉल्व नुसता बसवून चालत नाही, पाण्यातले क्षार बसून तो चिकटतो. काढा, कोमट पाण्यात धुवा, तोंडानं फुंकून बघा, एका बाजूनं हवा गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूनं अडली पाहिजे. कुठल्याच बाजूनं जात नसेल किंवा दोन्हीकडनं जात असेल तर फेकून द्या.

वॉटरलॉकचा डबा एल्बोच्या खाली पाहिजे आणि इंजिन बंद झाल्यावर पाइपातनं जेवढं पाणी परत खाली येतं तेवढं सगळं त्यात मावलं पाहिजे. जागा नाही म्हणून लहान डबा बसवणारे मेस्त्री आहेत, ऐकू नका. डब्यातनं वर गेलेला पाइप मागं उतरण्याआधी पाण्याच्या पातळीच्या फूटभर तरी वर चढलेला असावा आणि तिथनं बाहेरपर्यंत सलग उतार असावा. मधे झोळ पडला तर पाणी साचतं. होस पाइप हातानं दाबून बघा. आपल्या उन्हात चार महिने कोरड्यात पडलेलं रबर वरनं चांगलं दिसतं आणि आतनं पापुद्रे सुटलेले असतात. एक्झॉस्टच्या पाइपाला प्रत्येक तोंडाला दोन-दोन क्लिपा.

मागच्या तोंडाला रबरी झडप असेल तर ती मऊ आहे का, नीट मिटते का बघा. जलपर्णीची एक मुळी तिच्यात अडकली तर ती अर्धी उघडीच राहते, म्हणून मुक्कामाला लावल्यावर हात घालून साफ करायची. झडपेवर भरवसा ठेवून बाकीचं सोडू नका. जलपर्णीमुळं गाळणीही भरते, मग एक्झॉस्ट तापतो, होस मऊ पडतो, प्लास्टिकचा डबा असेल तर तो वितळतो. गाळणी रोज.

आणि मोजमाप रिकाम्या लाँचवर करू नका! माणसं बसली, वर मोटारसायकली चढवल्या, त्यातनं सगळी मागं इंजिनाजवळ गर्दी करून उभी राहिली की मागचं तोंड पाण्याखाली जातं. पूर्ण भरून एकदा बघा, मागं रंगानं रेघ मारा.

लाँच उतरवल्यावर पहिल्यांदा सेल्फ मारायचाच नाही. स्टॉप (इंजिन बंद करायचा दांडा) ओढून ठेवायचा, पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावायचा आणि हातानं इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवायचं. फोर स्ट्रोकला दोन फेरे लागतात, एका फेऱ्यात सगळे सिलिंडर दाबाला येत नाहीत. कंप्रेशन हाताला कळतं, पाना जड होतो, जरा धरून ठेवलं की हळूहळू सुटतो. पाणी असेल तर सुटत नाही, लोखंडाला लोखंड लागल्यासारखा पाना थांबतो. तिथं जोर लावायचा नाही. मोठा पाइप घालून लांब दांडा करायचा नाही. खरं तर ज्या दिवशी शंका येईल त्या प्रत्येक दिवशी हे करावं, पाच मिनिटांचं काम आहे.

मग सेल्फ. उठलं नाही, तर कॉक. परत सांगतो, उठलं नाही तर आधी कॉक बंद आणि मग विचार करा डिझेल येत नाही की बॅटरी उतरलीय.

लावून ठेवताना लाँचचं नाक वाऱ्याकडं. जून-जुलैत पश्चिमेचा वारा दिवसभर लाटा आणतो, वळवात तर कुठनंही येतो, आणि मागची बाजू वाऱ्याकडं असली तर प्रत्येक लाट पाइपात थोडं थोडं पाणी ढकलत राहते. आपल्याकडं आणखी एक भानगड आहे जी समुद्रावरचे लोक सांगणार नाहीत. उजनीचं पाणी हिवाळ्यापासनं उतरत जातं, उन्हाळ्यात मायनसमधे, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली जातं, लाँचचं नाक काठाच्या गाळात रुतून बसतं आणि मागची बाजू पाण्यात आणखी खाली जाते. नाक वर, एक्झॉस्ट पाण्यात. उलट दौंडकडनं धरणात येणारा विसर्ग वाढला की पातळी वर येते, तेव्हा आखूड बांधलेला दोर नाक वर येऊ देत नाही. चार दिवस सोलापुरात बसायचं असेल तर तिथल्या कुणालातरी सांगून ठेवा, दादा, रोज एकदा दोर बघा आणि लाँच सरकवा. आणि जाताना कॉक बंद, किल्ली कॉकवर.

दुसऱ्या लाँचनं ओढत न्यायची असेल तरी कॉक बंद. चालीच्या जोरानं पाणी झिजलेल्या इंपेलरमधनं आत शिरतं आणि डबा भरतो.

हंगाम संपला की डबा रिकामा, गाळणी रिकामी, इंपेलर काढून ठेवा, मागच्या तोंडाला लाकडी बूच आणि त्याला लाल फडकं, म्हणजे पुढच्या वेळी तसंच चालू होणार नाही.

एवढं करूनही पाणी गेलंच तर सेल्फला हात लावू नका. कॉक बंद, डबा रिकामा, नोझल काढा, हातानं फिरवून पाणी बाहेर काढा, प्रत्येक सिलिंडरमधे थोडं ऑइल सोडा, परत फिरवा. त्याच दिवशी, उद्या नाही, गोडं पाणी असलं तरी रिंगा गंजून चिकटतात. ऑइल दुधाळ दिसलं तर बदला, फिल्टरसकट, थोडं चालवून परत बदला, स्वच्छ राहीपर्यंत.