रिकाम्या प्लॉटवर शेळ्या सोडायच्या तर

पाऊस संपला की पुण्याच्या कडेकडेने सूस, बावधन, आंबेगाव, उंड्री, वाघोली कुठेही बघा, रिकाम्या प्लॉटवर कंबरेएवढं रान माजलेलं असतं. सोसायटीच्या ग्रुपवर साप दिसला, डास वाढले वगैरे सुरू होतं आणि कोणीतरी जेसीबीवाल्याचा नंबर टाकतो. जेसीबी येतो, झाडोऱ्यासकट वरची मातीही खरवडून जातो आणि पुढच्या पावसात तिथे दुप्पट गाजर गवत, कारण उघड्या मातीवर सगळ्यात आधी तेच येतं. त्यापेक्षा शेळ्या चारून घेणं बऱ्याच ठिकाणी बरं पडतं. अमेरिकेत हा रीतसर धंदा आहे, गूगलने २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या आपल्या आवारात गवत काढायला दोनेकशे शेळ्या भाड्याने आणल्या होत्या. आपल्याकडे अशी पाटी लावून कोणी बसलेलं दिसणार नाही, पण शेतात मेंढरं बसवायची पद्धत पिढ्यानपिढ्यांची आहे. तिथे शेतकरी लेंडीखतासाठी धनगराला पैसे किंवा धान्य देतो, आपल्याला खतापेक्षा चराई हवी एवढाच फरक.

आधी तुमच्या प्लॉटवर नक्की काय उगवलंय ते बघा. नुसतं गवत असेल तर शेळी हे चुकीचं जनावर आहे, गवत मेंढी खाते. शेळी पाला खाणारी, झुडपं, वेली, काटेरी फांद्यांचे शेंडे हे तिचं खरं खाणं. मागच्या दोन पायांवर उभी राहून पाच फुटांपर्यंतचा पाला ओरबाडते. बोर, बाभूळ, सुबाभूळ, कुंपणावर चढलेल्या वेली असतील तर शेळ्या खुश. गवत आणि झुडपं मिक्स असतील तर कळपही मिक्स मागायचा, धनगरांकडे बहुतेक वेळा मेंढरांत थोड्या शेळ्या असतातच.

आणि गाजर गवत म्हणजे काँग्रेस गवत शेळ्या साफ करतील हे डोक्यातून काढून टाका. भारतात त्याची पहिली नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली, त्यामुळे आपल्याला त्याची एवढी सवय झालीये की ते विषारी आहे हेच विसरायला होतं. शेळ्या थोडंफार तोंड लावतात, पण जास्त पोटात गेलं तर त्रास होतो आणि दूधही कडवट लागतं. ते फुलावर यायच्या आत हातमोजे आणि मास्क घालून मुळासकट उपटायचं, हे माणसाचंच काम. एकेका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे पांढरी फुलं आल्यावर उपटलं तर उपटता उपटताच पुढच्या वर्षीची पेरणी करून जाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, शेळ्या यायच्या आधी पूर्ण प्लॉट पायी फिरणं. गेटवर उभं राहून "हो दिसतंय सगळं" असं नाही, बूट घालून, काठी घेऊन, कोपरा न् कोपरा. कण्हेर आणि पिवळी कण्हेर (बिट्टी) शोधायची, सोसायट्यांच्या कुंपणाला ही हमखास असते आणि याची थोडी पानंसुद्धा शेळीच्या जिवावर बेततात. गंमत म्हणजे झाड प्लॉटवर नसतंच, माळीकाका हेज कापतात आणि फांद्या भिंतीपलीकडे तुमच्या प्लॉटवर टाकतात. कण्हेर वाळली तरी विष तसंच राहतं, म्हणून तो वाळका ढीग आधी उचलायचा. घाणेरी म्हणजे टणटणी भरपूर असेल तर तीही काढा, तिच्याने लिव्हर खराब होऊन जनावराला कावीळ होते, उन्हात कातडी सोलवटते. नाल्याकाठी बेशरम नावाचं विषारी झुडूप असतं, शिवाय धोतरा, एरंडाच्या बिया, हेही बघून काढा. गावरान शेळ्या या गोष्टी बहुतेक वेळा स्वतःहून टाळतात हे खरं, पण उपाशी शेळी किंवा लहान करडं टाळतीलच याची गॅरंटी कोणी देऊ नये.

दुसरं म्हणजे कचरा. पुण्यातला रिकामा प्लॉट म्हणजे राडारोडा, प्लास्टिक पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य, दारूच्या बाटल्यांच्या काचा, केबलचे तुकडे. प्लास्टिक पोटात गेलं की तिथेच साठत जातं. हे सगळं उचलायचा खर्च तुमचा, शेळीवाल्याचा नाही, आणि आजूबाजूच्या कोणी तणनाशक मारलंय का तेही विचारून घ्या. मारलं असेल तर त्या वर्षी शेळ्यांचा विचार सोडून द्या.

किती शेळ्या, किती दिवस याचं गणित अगदी घरच्या घरी होतं. प्लॉटवर मध्यम दाट जागा बघून एक मीटर बाय एक मीटर चौकोन आखा, त्यातला शेळी खाईल असा हिरवा पाला विळ्याने कापा आणि वजन करा. असं चार-पाच ठिकाणी करून सरासरी काढा. समजा चौरस मीटरला एक किलो निघाला. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, तर दहा गुंठ्यांत हजारेक किलो पाला झाला. मोठी उस्मानाबादी किंवा संगमनेरी शेळी दिवसाला साधारण चार किलो हिरवा चारा खाते असं धरलं तर २५ शेळ्यांचे १०० किलो, म्हणजे दहा दिवस. प्रत्यक्षात तुडवून बराच पाला वाया जातो आणि आवडीचं आधी संपतं, नावडतं तसंच राहतं, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण चार शेळ्या आणून दोन दिवसात एकर साफ होईल म्हणणाऱ्याला गप्प करायला पुरतो.

शेळ्या कुठून आणायच्या? ऑनलाइन शोधत बसण्यापेक्षा जवळच्या गावात विचारा, पिरंगुट, भूगाव, कात्रजच्या पलीकडे शेळ्या राखणारे लोक आहेतच. चाकणला शनिवारी जनावरांचा बाजार भरतो, तिथे चार माणसांशी बोललात तरी कोणाचा तरी पत्ता लागतो. दिवाळीच्या आसपास पूर्वेकडच्या कोरड्या तालुक्यांतले मेंढपाळ कळप घेऊन घाटाकडे आणि पुढे कोकणात निघतात, नेमकं तेव्हाच आपलं रान हिरवं असतं, हा योग चांगला जुळतो. बकरी ईदच्या आधी मात्र कोणाला विचारू नका, तेव्हा सगळे विक्रीच्या गडबडीत असतात.

बोलताना "भाडं किती घेणार" असं एकदम सुरू करू नका. "मामा, प्लॉटवर पाला भरपूर आहे, पाण्याची सोय करतो, येऊन एकदा बघून जा" असं म्हणा. बघायला आले की तुम्हाला न दिसलेल्या दहा गोष्टी ते दाखवतील. काही जण चारा फुकट मिळतोय म्हणून नुसत्या टेम्पोच्या खर्चावर तयार होतात, पण ते गावाजवळ. शहरात मधोमध छोटा हत्ती भरून शेळ्या आणायच्या, दिवसभर माणूस राखणीला बसणार, तर रोजाचे पैसे द्यायलाच हवेत. फुकट चारा दिला म्हणजे उपकार केले असं वागणारे लोक असतात, त्यांना दुसऱ्यांदा कोणी शेळीवाला मिळत नाही. शेळी मेली, चोरीला गेली, कुत्र्यांनी फाडली तर भरपाई कोण देणार हे आधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषार या आजारांची लस झालीये का, जंताचं औषध कधी दिलं, एवढं विचारा.

आल्यावर सगळा प्लॉट मोकळा सोडायचा नाही. जाळीने तुकडे पाडा आणि एक तुकडा संपला की पुढचा उघडा, नाहीतर शेळ्या सगळीकडचे शेंडे खुडत फिरतात आणि खालचं रान तसंच. साधारण चार फुटी जाळी हवी, मोठ्या प्लॉटला झटका मशीन (तारेतून विजेचा झटका देणारं कुंपण) लावतात पण शेजारी लहान मुलं खेळत असतील तर मी तरी लावू देणार नाही. नवी लावलेली झाडं आधी जाळीने झाका, शेळी साल सोलते आणि साल गोल सोलली की झाड गेलंच. सावली पाहिजे, दर शेळीमागे चार-पाच लिटर पाणी पाहिजे. सकाळी दव असताना ओला कोवळा पाला उपाशीपोटी भरपूर खाल्ला तर पोट फुगतं, म्हणून ऊन चढल्यावर सोडायच्या. भर पावसाळ्यात तर नकोच, चिखलात खुरं खराब होतात. रात्री भटक्या कुत्र्यांची भीती सगळीकडे, मुळशी किंवा सिंहगडाच्या बाजूला बिबट्याचीही, त्यामुळे माणूस नसेल तर रात्री बंदिस्त जागा हवीच.

आणि सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाका की कोणीही पोळ्या, भात, ब्रेड घालू नये. कौतुकाने घातलेल्या शिळ्या भाताने आणि पोळ्यांनी शेळीचं पोट आंबतं, त्यात ती मरूही शकते. एक शेळी असलं अन्न खाऊन लोळली की राखणाऱ्या मामांचं तोंड बघवत नाही. त्रास वाटलाच तर १९६२ नंबरवर फोन करा, ती पशुवैद्यकीय सेवेची हेल्पलाइन आहे.

जागा कोणाची ते नीट बघा. स्वतःची असेल किंवा मालकाने लेखी परवानगी दिली असेल तरच. टेकडीला लागून प्लॉट असेल तर हद्द पक्की करा, आपल्या बऱ्याच टेकड्या वनखात्याच्या आहेत आणि तिथे परवानगीशिवाय चराई चालत नाही. महापालिकेच्या मोकळ्या जागेवर परस्पर शेळ्या सोडणं हेही नको.

शेळ्या गेल्यावर प्लॉट बोडका दिसेल पण मुळं जिवंत आहेत. सुबाभूळ, बोर महिनाभरात परत फुटतात, तेव्हा कोवळ्या फुटव्यावर शेळ्या परत आणायच्या किंवा बुंधे खणून काढायचे. शेळ्यांनी पानं खाल्ल्यावर खोडं उघडी पडतात त्यामुळे खणायला सोपं जातं, फक्त खोड जाड असेल तर ते कायद्याने झाड धरलं जाईल, मग तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आणि मोकळ्या झालेल्या मातीवर एप्रिल-मेमध्ये टाकळ्याचं बी फेकून ठेवा, थंडीत रस्त्याकडेच्या वाळलेल्या शेंगांमधून पिशवीभर सहज मिळतं. पहिल्या पावसात टाकळा दाट उगवला की गाजर गवताला जागा कमी मिळते, आणि कोवळा असताना भाजीही होते.