बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ जीपीएसला कसा जोडावा

डीएससीची, म्हणजे बटणासरशी डिजिटल संदेश पाठवण्याची, सोय असलेल्या मरीन व्हीएचएफ रेडिओवर (बोटीवरच्या संपर्काच्या रेडिओवर) एका छोट्या झाकणाखाली लाल बटण असतं. झाकण उघडून ते काही सेकंद दाबून धरलं की रेडिओ चॅनल ७० वरून डिजिटल संकटसंदेश सोडतो आणि कोणी पोच देईपर्यंत दर चारेक मिनिटांनी तो पुन्हा पाठवत राहतो. संदेशात बोटीचा नऊ अंकी एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, जातो. बोटीची जागाही जाते, पण ती रेडिओला माहीत असली तरच. माहीत नसेल तर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसते नऊच नऊ जातात. कोणीतरी संकटात आहे एवढं ऐकणाऱ्याला कळतं. शोधायला कुठे जायचं ते कळत नाही.

अक्षांश-रेखांश रेडिओत हाताने भरता येतात. पण भरलेली जागा साडेतेवीस तासांनी पुसली जाते, आणि चालती बोट त्याआधीच तिथून कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून चार्टप्लॉटर (जीपीएसवरून बोटीची जागा नकाशावर दाखवणारं यंत्र) आणि रेडिओ तारांनी जोडलेले असणं मला बोटीवरच्या अत्यावश्यक कामांपैकी एक वाटतं. काम अवघड नाही. तारा ओळखण्याचा भाग तेवढा निगुतीनं करावा लागतो.

आधी काय बघायचं

तुमच्या रेडिओत जीपीएस आतच बसवलेला असेल तर जोडणीची गरज नसेलही. मात्र केबिनच्या आत, विशेषतः धातूच्या छताखाली, त्याला उपग्रह सापडतात का ते पडद्यावर पाहून खात्री करा.

मग दोन्ही यंत्रांच्या माहितीपुस्तिका उघडा आणि ती कोणत्या भाषेत बोलतात ते शोधा. बोटीवरच्या यंत्रांच्या अशा दोन भाषा म्हणजे डेटा पाठवण्याच्या पद्धती आहेत, एनएमईए ०१८३ आणि एनएमईए २०००. मागून सुट्या रंगीत तारा बाहेर आल्या असतील तर बहुधा एनएमईए ०१८३. पाच पिनांचा गोल कनेक्टर असेल तर बहुधा एनएमईए २०००. एक यंत्र एका पद्धतीचं आणि दुसरं दुसऱ्या पद्धतीचं असेल तर मध्ये कन्व्हर्टर लागतो; तारा कापून थेट जोडण्याचा प्रयत्न करू नका.

एनएमईए २००० चं काम सोपं. मुख्य केबलवर टी-कनेक्टर लावायचा आणि त्यातून रेडिओकडे एक फाटा न्यायचा. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक टर्मिनेटर हवा, आणि त्या केबलला स्वतःचा फ्यूज लावलेला १२ व्होल्टचा पुरवठा हवा. पुरवठा बंद करून सिग्नलच्या दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर साधारण ६० ओम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही किंवा निघालेला आहे.

०१८३ च्या तारा

इथे एक यंत्र बोलतं आणि दुसरं ऐकतं. प्लॉटर बोलणारा, रेडिओ ऐकणारा. त्यामुळे प्लॉटरची आउटपुटची तार रेडिओच्या इनपुटच्या तारेला जायला हवी. बरेच जण आउटपुटला आउटपुट जोडून ठेवतात आणि मग रेडिओ बिघडला असं समजतात. एका बोलणाऱ्याला अनेक ऐकणारे चालतात, पण दोन बोलणाऱ्यांच्या तारा एकत्र बांधलेल्या चालत नाहीत.

रंगावर विश्वास ठेवू नका. एका कंपनीची हिरवी तार जमिनीची असते, तर दुसऱ्या कंपनीच्या हिरव्या तारेतून डेटा येतो. पुस्तिकेतला तक्ता पाहून प्रत्येक तारेवर चिकटपट्टीची खूण लावा: प्लॉटर आउट प्लस, रेडिओ इन प्लस, अशी. मेन स्विच बंद करूनच पुढे जा.

आता प्रत्येक यंत्राची सिग्नलची पद्धत पाहा. काही यंत्रांना सिग्नलच्या दोन तारा असतात, ए आणि बी किंवा प्लस आणि मायनस. काहींना सिग्नलची एकच तार असते आणि परतीचा मार्ग जमिनीच्या तारेतून असतो. यावरून जोडणी ठरते.

दोन्हीकडे दोन-दोन तारा असतील तर प्लसला प्लस, मायनसला मायनस.

प्लॉटरला सिग्नलची एकच तार आणि रेडिओला दोन असतील तर प्लॉटरची सिग्नलची तार रेडिओच्या इन प्लसला आणि प्लॉटरची सिग्नल ग्राउंड रेडिओच्या इन मायनसला.

उलट असेल, म्हणजे प्लॉटरच्या दोन आणि रेडिओची एकच, तर प्लॉटरची आउट प्लस रेडिओच्या इनपुटला जोडा आणि दोन्ही यंत्रांची सिग्नल ग्राउंड एक करा. प्लॉटरची आउट मायनस मोकळी ठेवून तिचं टोक झाका. ती जमिनीला जोडण्याचा मोह होतो, पण तिथेही व्होल्टेज असतं आणि जमिनीला टेकवल्यावर प्लॉटरच्या आउटपुटवर विनाकारण ताण येतो.

आणखी दोन तारा जोडल्या तर रेडिओचं आउटपुट प्लॉटरच्या इनपुटला देता येतं. दुसऱ्या बोटीचा डीएससी संदेश आला की तिची जागा नकाशावर खुणेने उमटते, आणि मदतीला निघायचं तर कुठल्या दिशेला हे लगेच दिसतं. प्लॉटरला मोकळा पोर्ट असेल तर हे जरूर करा.

जोडणी पक्की करणं

आधी तारा पिळून, टेप लावून तात्पुरत्या जोडा आणि पुढच्या भागातली चाचणी घ्या. जागा दिसू लागली की मगच कायमचं काम. नुसती पिळलेली तार खाऱ्या हवेत हिरवी पडते आणि एक दिवस निमूटपणे सिग्नल सोडते. टिनचा मुलामा असलेली तांब्याची तार घ्या, क्रिम्प कनेक्टर नीट दाबा आणि आत गोंद असलेली हीट श्रिंक नळी गरम करून चढवा. नळीच्या टोकातून गोंदाचा थेंब बाहेर आला की आतली जोडणी पाण्यापासून बंद झाली असं समजा. तारेला जोडणीच्या खाली उतरणारा वळसा ठेवा, म्हणजे ओघळ वळशाच्या तळाशी येऊन टपकतो आणि जोडणीपर्यंत चढत नाही. डेटाची केबल अँटेनाच्या केबलला बांधून नेऊ नका. केबलला जाळीचं आवरण असेल तर ते एकाच टोकाला जमिनीला जोडा. न वापरलेली प्रत्येक तार वेगवेगळी झाका.

सेटिंग आणि चाचणी

प्लॉटरच्या मेनूत त्या पोर्टवर एनएमईए ०१८३ आउटपुट चालू करा आणि डेटाचा वेग ४८०० (बिट प्रति सेकंद) ठेवा. रेडिओतही तोच वेग हवा. एआयएस, म्हणजे आजूबाजूच्या जहाजांची ओळख आणि जागा सांगणारी यंत्रणा, तिच्यासाठीचा पोर्ट ३८४०० वर चालतो. दोन यंत्रांचे वेग जुळले नाहीत तर जोडणी बरोबर असूनही रेडिओला काही कळत नाही. प्लॉटर आरएमसी, जीजीए किंवा जीएलएल यांपैकी रेडिओला लागणारी वाक्यं (जागेची माहिती देणाऱ्या ठरावीक साच्यातल्या डेटाच्या ओळी) पाठवतो आहे ना, ते पाहा. आरएमसीच्या ओळीत वेळेनंतर एक अक्षर येतं: ए असेल तर जागा पक्की, व्ही असेल तर जीपीएसलाच अजून ठावठिकाणा लागलेला नाही. जुन्या रेडिओंची आणखी एक अडचण असते. त्यांना जीपी या अक्षरांनी सुरू होणारी वाक्यंच समजतात, आणि नवे प्लॉटर जीएन ने सुरू होणारी पाठवतात. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये हे बहुधा बदलता येतं.

बोट मोकळ्या आकाशाखाली असताना रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश आणि वेळ दिसायला हवी. दोन्ही पडद्यांवरचे आकडे ताडून पाहा. एकीकडे अंश-मिनिट-सेकंद आणि दुसरीकडे मिनिटांचा दशांश असेल तर आकडे वेगळे वाटतील, म्हणून आधी पद्धत सारखी करा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तिथे गफलत परवडत नाही.

मग प्लॉटर बंद करा. थोड्या वेळाने रेडिओने जीपीएस नसल्याची सूचना दिली, तर जागा खरोखर तारेतून येत होती. याचा दुसरा अर्थही ध्यानात ठेवा: समुद्रात असताना प्लॉटर बंद ठेवला तर रेडिओला ताजी जागा मिळणार नाही. शेवटी मोकळ्या चॅनलवर २५ वॅटवर थोडं बोला आणि तेव्हा पडद्यावरची जागा टिकते का पाहा. उडत असेल तर डेटाची केबल अँटेनाच्या केबलपासून आणखी दूर न्या.

एमएमएसआय क्रमांक भरलेला नसेल तर डीएससी चालतच नाही. तो टाकताना दोनदा वाचा, कारण बऱ्याच रेडिओंमध्ये तो एकदा-दोनदाच टाकता येतो.

लाल बटण चाचणीसाठी कधीही दाबू नका. मेनूत टेस्ट कॉल असतो. ओळखीच्या बोटीच्या एमएमएसआयवर तो पाठवा, आणि त्यांना तुमची जागा मागवायला सांगा. त्यांच्या पडद्यावर तुमचे आकडे उमटले की जोडणी बोटीच्या बाहेरूनही तपासून झाली. चुकून संकटसंदेश गेलाच तर रेडिओ बंद करून गप्प बसू नका. मेनूतून तो रद्द करा आणि संकटात बोलण्यासाठीच्या चॅनल १६ वर बोटीचं नाव आणि एमएमएसआय सांगून चुकून गेल्याचं कळवा, म्हणजे शोधायला कोणी निघणार नाही.

कोणती तार कोणाला जोडली ते कागदावर लिहून पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवा. प्लॉटर बदलायची वेळ येईल तेव्हा जुन्या खुणांची चिकटपट्टी बहुधा गळून गेलेली असते.