बाळ रडलं, आता पुढचे दोन तास

लेबर रूममध्ये नवी आलेली सिस्टर मला पहिल्यांदा अपगारचं, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाची स्थिती जोखायच्या गुणांचं विचारते, गुण किती द्यायचे? मी तिला आधी आईचा केसपेपर वाचायला लावते. पाणी जाऊन 18 तास उलटलेत, ताप आहे, पाणी हिरवं किंवा घाण वासाचं आहे, साखर वाढलेली आहे, 37 आठवडे भरलेले नाहीत, यातलं एक जरी असलं तरी बाळ कितीही छान रडो, त्याच्यावरची नजर हलवायची नाही.

बाळ बाहेर आलं की कोरड्या कपड्यानं पुसा आणि ओलं कापड लगेच बाजूला करा. रडलं तर आईच्या उघड्या छातीवर द्या, नाळ निदान मिनिटभर थांबून कापा. श्वासच घेत नसेल तर गुण मोजत बसू नका, पहिल्या मिनिटाच्या आत बॅग-मास्क, म्हणजे तोंडा-नाकावर मास्क धरून पिशवीनं हवा देणं, सुरू झालं पाहिजे.

भूलतज्ज्ञ व्हर्जिनिया अपगार यांनी 1952 मध्ये ही पद्धत बसवली. रंग, हृदयाचे ठोके, डिवचल्यावरची प्रतिक्रिया, हातापायांची ताकद आणि श्वास, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला बघायचं. नाळेच्या मुळाशी दोन बोटं ठेवून सहा सेकंद ठोके मोजा, दहानं गुणा. 100 किंवा जास्त असतील तर 2. तळहात-तळपाय निळसर असणं सुरुवातीला चालतं, म्हणून सगळ्यांना सरसकट 10 लिहू नका. सावळ्या बाळाची जीभ आणि ओठ बघा, ते निळे असतील तर धोका. पाचव्या मिनिटाला 7 पेक्षा कमी असतील तर दर पाच मिनिटांनी, विसाव्या मिनिटापर्यंत पुन्हा बघा.

पण हे गुण त्या मिनिटाचे असतात. एका रात्रपाळीत 2 किलो 100 ग्रॅमची मुलगी झाली, पाचव्या मिनिटाला 9. दुसरी बाई टेबलावर होती, मी चाळीस मिनिटं या मुलीकडे फिरकले नाही. आजी म्हणाली, "सिस्टर, पोरगी झोपेत गुणगुणतीये बघा." ती श्वास सोडताना कण्हत होती. श्वास मिनिटाला 74, छाती आत ओढली जात होती, काखेतलं तापमान 35.4 अंश सेल्सियस. आईच्या छातीशी बांधूनच तिला 102 च्या गाडीनं एसएनसीयूला, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षात पाठवलं. अकरा दिवसांनी ती घरी गेली. ती चाळीस मिनिटं मला आजही टोचतात.

तेव्हापासून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी मी बाळाचं कापड छातीवरून बाजूला करते. बाळ शांत असताना घड्याळ धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. 60 किंवा त्याहून जास्त आले तर पुन्हा मोजायचे, दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर लगेच डॉक्टरांना सांगायचं. पावलं हातानं चाचपायची, गार लागली की थर्मामीटर, 36.5 च्या खाली नको. तासाभरात बाळ अंगावर ओढतंय का, तेही बघा.

चोवीस तासांच्या आत कावीळ दिसली किंवा तेवढ्यात काळी शी झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरी सोडू नका.

आणि वॉर्डात नेण्याआधी आजीला जवळ बसवा. कण्हण्याचा आवाज मी स्वतः काढून दाखवते, दोनदा, आणि तिच्याकडूनही काढून घेते.