पहिलं लिनक्स निवडताय? या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे अपडेट थांबवले आणि चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत 'जुने' ठरले. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. २०१५-१६च्या सुमारास घेतलेली मशिनं त्यात बसत नाहीत. मग ओळखीतलं कोणीतरी सुचवतं, "अरे, लिनक्स टाक की, फुकट आहे." लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी ऑपरेटिंग सिस्टम, आणि सल्ला बरोबर आहे. घोळ सुरू होतो तो 'कोणतं लिनक्स?' या पुढच्या प्रश्नापासून.

'लिनक्स टाकलं होतं, जमलं नाही, परत विंडोजवर आलो' असं सांगणाऱ्यांना थोडं खोलात जाऊन विचारलं, तर डिस्ट्रोचा, म्हणजे निवडलेल्या लिनक्सच्या प्रकाराचा, दोष क्वचितच निघतो. वायफायची चिप अडलेली असते, ऑफिसचा एखादा प्रोग्रॅम चालत नसतो, किंवा विंडोजमधलं एखादं सेटिंग तसंच राहिलेलं असतं. त्यामुळे आधी मशिन आणि काम बघा. ते नीट बघितलं की डिस्ट्रो ठरवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

क्रमवारी बघून निवडणं

डिस्ट्रोवॉच नावाच्या संकेतस्थळावर डिस्ट्रोंची क्रमवारी असते आणि पुष्कळ व्हिडिओ त्या यादीवरच बेतलेले असतात. ती क्रमवारी त्या संकेतस्थळावर कोणत्या डिस्ट्रोचं पान किती वेळा उघडलं गेलं याची आहे. किती लोक ती डिस्ट्रो वापरतात, नवख्याला ती सोपी जाते का, यातलं काहीही तिच्यातून कळत नाही.

कॉलेजातल्या मुलांचा ओढा काली नावाच्या डिस्ट्रोकडे असतो. काळा स्क्रीन, ड्रॅगनचं चित्र, 'हॅकिंग'चं वलय. काली सुरक्षा-चाचणीच्या कामासाठी बनवलेली आहे आणि नवख्यांनी रोजच्या वापरासाठी ती घेऊ नये, हे ती बनवणाऱ्यांच्याच माहितीपत्रकात लिहिलंय. आर्च या डिस्ट्रोचं वेगळं. ती उत्तम आहे, पण तिथे प्रत्येक भाग आपण निवडून बसवायचा असतो, आणि आपल्याला काय हवंय हे ठाऊक नसताना निवडणार काय? सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक संस्थेने डेबियन या डिस्ट्रोवर बेतलेली 'बॉस' डिस्ट्रो बनवली आहे. तिच्याबद्दल आपुलकी वाटणं साहजिक आहे. पण अडलात तर शोधल्यावर मिळणारी उत्तरं उबंटू आणि मिंट या डिस्ट्रोंसाठी कितीतरी जास्त आहेत, आणि पहिल्या महिन्यात ती उत्तरंच कामाला येतात.

माझं मत विचाराल तर बहुतेकांनी लिनक्स मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू, त्यामुळे विंडोजमधून आलेल्याला काही शोधत बसावं लागत नाही. रॅम ४ जीबीच असेल तर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती. लॅपटॉप अगदी नवा असेल आणि मिंटवर त्याचं वायफाय किंवा ग्राफिक्स नीट चालत नसेल, तर फेडोरा किंवा उबंटूची ताजी आवृत्ती लावून बघावी, कारण त्यांत कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, नवं असतं. घरात किंवा ऑफिसात कोणी आधीच उबंटू वापरत असेल, तर बाकी सगळं बाजूला ठेवून उबंटूच घ्या. हाकेच्या अंतरावर मदत असणं ही मोठी सोय आहे.

उबंटू घेताना आकडा नीट वाचा. २४.०४ म्हणजे २०२४चा एप्रिल. सम वर्षांच्या एप्रिलमध्ये येणाऱ्या आवृत्तीपुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट) लिहिलेलं असतं आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना मिळतात फक्त ९ महिने. गरज नसताना नुसता मोठा आकडा बघून मधली आवृत्ती उचलली, तर वर्षाच्या आत पुन्हा अपग्रेडचं काम मागे लागतं. मिंट एलटीएसवरच बेतलेली असते, त्यामुळे तिथे ही चूक होतच नाही.

ज्याच्यावाचून अडतं, तो प्रोग्रॅम विसरणं

ही सगळ्यांत महागात पडणारी चूक, म्हणून इथे जरा थांबू.

लॅपटॉपवर रोज काय काय उघडता ते कागदावर लिहा. ब्राउझर, व्हॉट्सॲप वेब, झूम, यूट्यूब, पीडीएफ, साधी पत्रं आणि हिशेबाचे तक्ते एवढंच असेल तर निर्धास्त राहा. पण टॅली, ऑटोकॅड किंवा फोटोशॉप असेल तर ते थेट लिनक्सवर येत नाहीत. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवू बघणाऱ्या 'वाइन'मधून ते चालवण्याचे प्रयोग होतात, पण ज्यावर पोट आहे ते काम प्रयोगावर सोडू नये. व्हॅलरंट खेळणाऱ्या मुलाचाही लिनक्सवर हिरमोड होणार, कारण त्या खेळाची फसवणूक रोखणारी यंत्रणा तिथे चालत नाही. परीक्षेसाठी 'सेफ एक्झाम ब्राउझर' लागत असेल तर तोही लिनक्ससाठी नाही. ई-टेंडर किंवा जीएसटीसाठी डिजिटल सहीचं टोकन वापरत असाल, तर त्या टोकनचा लिनक्स ड्रायव्हर आहे का, हे विक्रेत्याला आधीच विचारा.

मराठीत काम करणाऱ्यांची एक खास अडचण आहे. युनिकोडमध्ये टाइप करत असाल तर काळजी नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमधून मिळतो, आणि आयबस व एम१७एन ही टायपिंगची सॉफ्टवेअरं बसवली की फोनेटिक पद्धतही येते. पण डीटीपीवाल्यांचं आणि कितीतरी कार्यालयांचं काम अजून श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टांमध्ये आहे. ती सॉफ्टवेअरं विंडोजची. जुनी फाइल लिनक्सवर उघडली आणि फॉन्ट नसला, तर मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पण त्या मजकुरावर रोज काम करायचं असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून घेण्यावाचून गत्यंतर नाही. टाइपरायटरच्या रेमिंग्टन कीबोर्डवर हात बसलेल्यांनीही आधी थोडं टाइप करून बघावं. इनस्क्रिप्टइतकी सहज सोय तिथे नाही.

युनिकोडवाल्यांनाही एक छोटा धक्का बसतो. मंगल किंवा निर्मला फॉन्टमधलं पत्र लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की ओळी सरकतात आणि एका पानाचं पत्र दुसऱ्या पानावर जातं. हे फॉन्ट मायक्रोसॉफ्टचे आहेत, लिनक्ससोबत येत नाहीत. दोन्हीकडे चालणारा मुक्त फॉन्ट वापरा. नोटो आहे, मुंबईच्या एक टाइपने बनवलेला मुक्ता आहे. आणि पत्र पुढे पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

यादीतला एखादाच प्रोग्रॅम अडत असेल तर विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवा. दोन-तीन अडत असतील, तर हा लॅपटॉप विंडोजवरच राहू द्या आणि घरातल्या दुसऱ्या मशिनवर लिनक्स शिका. यात हार मानण्यासारखं काही नाही.

'हलकी डिस्ट्रो' म्हणजे जादू समजणं

४ जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या लॅपटॉपसाठी लोक हलक्यातली हलकी डिस्ट्रो शोधत फिरतात. डिस्ट्रो हलकी मिळते, पण क्रोम तितकाच जड राहतो. दहा टॅब उघडले की रॅम भरते, मग खाली कुठलीही डिस्ट्रो असो. हार्ड डिस्क काढून साधा साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) बसवा. वेगातला फरक डिस्ट्रो बदलण्यापेक्षा त्याने जास्त जाणवतो.

न वापरून बघता थेट बसवणं

लाइव्ह यूएसबी, म्हणजे न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स, याचसाठी असते. डिस्ट्रोची उतरवलेली आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून मशिन बूट होत नाही. रूफस, एचर किंवा व्हेंटॉयने पेनड्राइव्ह तयार करावा लागतो, आणि त्यात आधीचं सगळं पुसलं जातं. मग सुरू करताना एफ१२ (एचपीवर बहुधा एफ९) दाबून पेनड्राइव्हवरून बूट करा आणि डिस्कला हात न लावता तासभर वापरा.

बघायचं ते हे: वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, उजेड कमी-जास्त होतो का. झाकण मिटून उघडल्यावर मशिन जागं होतं का, हे बघायला बहुतेक जण विसरतात आणि नंतर तेच रोज छळतं. बोटाच्या ठशाच्या सेन्सरवर मात्र आशा ठेवू नका, पुष्कळ मॉडेलांवर तो चालत नाही. पेनड्राइव्हवरून सगळं मंद चालतं, तेव्हा वेगाचा निकाल इथे लावू नका.

प्रिंटर याच वेळी जोडून बघा. एचपीचे बरेच प्रिंटर बिनबोभाट चालतात, आणि एअरप्रिंट चालणारे वायफाय प्रिंटर बहुधा ड्रायव्हरशिवाय सापडतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानापासून वकिलाच्या टेबलापर्यंत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र डोकेदुखी आहे. त्याची कॅप्ट नावाची स्वतःची भाषा आहे, आणि लिनक्सवर तिचा ड्रायव्हर बसवणं नवख्याचं काम नाही.

विंडोजची मागची दारं उघडी ठेवणं

ड्युअल बूट करणाऱ्यांचा, म्हणजे एकाच मशिनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचा, घात इथे होतो.

नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. लिनक्ससाठी बायोसमध्ये (मशिन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आधीच काढून कागदावर लिहून ठेवा, फोटोंची आणि कागदपत्रांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि मगच बायोसला हात लावा.

दुसरं म्हणजे फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) उघडत नाही किंवा फक्त वाचता येतं. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

जागा मोकळी करायची तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करा. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय वर असतो, आणि घाईत तोच निवडणाऱ्यांची कमी नाही. तो सगळी डिस्क पुसतो, विंडोजसकट. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळण्याची पद्धत चालू असण्याची शक्यता मोठी. ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर न्यावं लागतं, पण विंडोजला त्याची तयारी करून न देता बदललंत तर विंडोज उठत नाही. इथे जाणकार शेजारी बसलेला बरा.

सिक्युअर बूट (फक्त सही असलेल्या प्रणालीच सुरू होऊ देणारं सेटिंग) बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. उबंटू, मिंट, फेडोरा तो चालू असतानाही चालतात, म्हणून उगाच बंद करू नका. अपवाद आहेत. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर ड्युअल बूटच्या काही मशिनांवर लिनक्स सुरूच होईना, पडद्यावर 'एसबॅट'चा उल्लेख असलेली चूक यायची. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरता बंद करून मार्ग काढावा लागला. अशी वेळ आली तर ती ४८ आकडी की हाताशी हवीच.

बसवल्यावर अडलं तर

वायफाय नाही आणि वायफायचा ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं, हा पेच नेहमीचा, विशेषतः ब्रॉडकॉमच्या चिपवर. अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट लगेच येतं. मग मिंटमधला ड्रायव्हर मॅनेजर उघडा, ब्रॉडकॉम आणि एनव्हिडियाचे ड्रायव्हर तिथेच मिळतात. सिक्युअर बूट चालू असेल तर ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. लोक घाबरून 'कंटिन्यू' दाबतात आणि मग ड्रायव्हर का चालत नाही म्हणून डोकं धरून बसतात.

पेनड्राइव्हवरून सुरू करताना पडदा काळाच राहिला तर मिंटच्या बूट मेन्यूत 'कम्पॅटिबिलिटी मोड' आणि उबंटूमध्ये 'सेफ ग्राफिक्स' असतं. ते निवडा.

ड्युअल बूटवर विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडलं तर बॅटरी बदलायला धावू नका. लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं, आणि भारतात तो फरक साडेपाच तासांचा. लिनक्सलाही स्थानिक वेळ ठेवायला सांगता येतं, टर्मिनलमधल्या, म्हणजे हुकूम टाइप करण्याच्या खिडकीतल्या, एका ओळीचं काम आहे.

टर्मिनलची ओळ कुठूनही उचलून चिकटवू नका, हेही याच ओघात आलं. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एका व्हिडिओत कॅनडाचा यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन याने नवख्यांसाठी सुचवल्या जाणाऱ्या पॉप ओएस या डिस्ट्रोवर स्टीम हे खेळांचं ॲप बसवायला घेतलं. आधी सॉफ्टवेअरच्या दुकानाने नकार दिला, म्हणून तो टर्मिनलकडे गेला. स्टीमच्या पॅकेजमध्ये तेव्हा दोष होता. काय काय काढलं जाणार याची लांबलचक यादी समोर आली, आणि खात्री असेल तर 'येस, डू ॲज आय से!' असं पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं गेलं. त्याने केलं, आणि डेस्कटॉपच गायब झाला. दोष डिस्ट्रोचा होता हे खरं, पण यादी वाचली असती तर तो थांबला असता. काहीही बसवताना 'हे काढलं जाईल' या मथळ्याखाली ओळखीची नावं दिसली, तर 'नाही' म्हणा.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट हे प्रणालीची प्रत ठेवणारं साधन आधीपासूनच असतं. पहिल्याच दिवशी ते सुरू करा म्हणजे प्रणाली बिघडली तर कालच्या अवस्थेत परत नेता येते. तुमचे फोटो आणि फाइली मात्र ते सांभाळत नाही, त्यांची प्रत वेगळी ठेवावी लागते. आणि शिकायचं तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडे मराठीतून आहेत, विनामूल्य.